वर्ग, पडदा आणि खाडा

विद्यार्थ्यांना शिक्षण ऑनलाइन हवे की वर्गात हवे, हा प्रश्न आता वरचेवर विचारला जातो. मागच्या सत्रात आमच्याकडेही असाच एक छापील तक्ता भरून घेण्यासाठी आला होता. प्रत्येक विद्यार्थ्याने तीनपैकी एका चौकोनात खूण करावयाची: ऑनलाइन, प्रत्यक्ष वर्गात, किंवा दोन्ही. मुलांनी दोन मिनिटांत खुणा केल्या आणि तक्ते माझ्या टेबलावर आणून ठेवले. तक्ता पाठकोरा होता. मी म्हटले, ही खूण का केली ते पाठीमागे चार ओळींत लिहा, नाव लिहू नका. वर्ग थोडा चुळबुळला. मग सगळे लिहायला बसले आणि तास संपल्याची घंटा झाली तरी काही जण लिहीतच राहिले.

ती कारणे मी रात्री घरी बसून वहीत उतरवून घेतली. माझ्याजवळ आणखी एक जुनी वही आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाविद्यालये पुन्हा उघडली, तेव्हाच्या मुलांकडूनही मी असेच लिहून घेतले होते. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. खुणा आणि कारणे यांचा मेळ बसत नाही. ज्याने ‘ऑनलाइन’वर खूण केली त्याने लिहिलेले कारण दुःखाचे आहे. जिने ‘वर्गात’वर खूण केली तिच्या कारणात शिकवण्याचा उल्लेखही नाही. कोणत्या बाजूला किती, हे मी मोजलेले नाही. खुणा मोजणाऱ्यांकडे गेल्या आहेत. कारणे मात्र माझ्याकडेच राहिली. ती येथे मांडावयाची आहेत.

आमचे महाविद्यालय बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. येथे महाविद्यालयाचे वेळापत्रक विद्यापीठ ठरवते आणि मुलांचे वेळापत्रक साखर कारखाना ठरवतो. दसरा-दिवाळी आटोपली की आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज ह्या डोंगरपट्ट्यातील गावांमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, आणि सीमेपलीकडे बेळगावकडेही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडल्यावाचून परत येता येत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसाला अवजाराच्या नावाने मोजणारी ही गणना आमच्या जिल्ह्यात इतकी रुळली आहे की ती ऐकून कोणी दचकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की माणसे परततात. म्हणजे महाविद्यालयाचे दुसरे सत्र जेव्हा भरते, नेमके तेच महिने गाव रिकामे असते. दलित, वंजारी, बंजारा, अल्पभूधारक मराठा, सगळेच ह्यात आहेत. परंतु ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याला ह्या वाटेने जाण्यावाचून दुसरी वाटच नाही, आणि तो कोण हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

मी स्वतः ह्याच वाटेवरचा. माझे आई-वडील मी बारावी होईपर्यंत फडावर जात. मी आजीजवळ राहून शिकलो आणि पुढे तेव्हाच्या औरंगाबादला वसतिगृहात राहून एम. ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी पदवी कुणाची नाही. त्यामुळे वर्ग चांगला की पडदा चांगला, ह्या प्रश्नाकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

मार्च २०२०च्या मध्यावर महाविद्यालये बंद झाली आणि महिनाअखेर देश बंद झाला. त्या वेळी आमची निम्मी गावे कारखान्यांच्या परिसरात कोप्यांमध्ये अडकून पडली होती. शासनाने एप्रिलच्या मध्यावर त्यांना परतण्याची परवानगी दिली, तेव्हा माणसे आली आणि गावाबाहेरच्या शाळांत, शेतांत वेगळी राहिली. ‘सामाजिक अंतर ठेवा’ अशी सूचना तेव्हा दिवसरात्र ऐकू येई. ज्यांच्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या गावापासून अंतरावर वसवल्या गेल्या, त्यांनी ती सूचना कोणत्या कानांनी ऐकली असेल? माझी आजी एवढेच म्हणाली, ‘ह्यांना आत्ता कळालं व्हय?’

अशा स्थितीत वरून आदेश आला की अभ्यासक्रम थांबता कामा नये, तास ऑनलाइन घ्यावेत. मी त्या वेळी तासिका तत्त्वावर होतो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तासिका घेतली तर मानधन, नाही घेतली तर काही नाही. सुट्टी, आजारपण, बंद, सगळे आपल्या अंगावर. आता खडू नाही, वर्ग नाही, तर तासिका झाली असे कोणी म्हणायचे? हा हिशेब कित्येक महिने लागला नाही. म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच दशेतली माणसे होती. एक शिकवणारा, ज्याला आपला तास तासात धरला जाईल की नाही हे ठाऊक नव्हते; आणि एक शिकणारा, ज्याला आपण हजर आहोत की गैरहजर हे ठाऊक नव्हते.

ऑनलाइन तास होतो म्हणजे काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘एक मोबाइल असला की झाले’ असे वाक्य असते. मोबाइल असणे ही साखळीची पहिली कडी झाली. तो मोबाइल कुणाच्या ताब्यात आहे, ही दुसरी कडी. मुकादमाचा निरोप त्याच्यावर येत असेल तर तो बापाच्या खिशात जातो, मुलाच्या हातात राहत नाही. तिसरी कडी डेटाची. चित्रासह चालणारा तासभराचा तास कित्येकशे एमबी खातो. रोजच्या एक-दीड जीबीच्या पॅकमध्ये दोन-तीन तास झाले की दिवस संपला. भाऊ-बहीण दोघे शिकत असतील तर एकाचा दिवस संपतो आणि दुसऱ्याचा सुरूच होत नाही. चौथी कडी मनोऱ्याची. बालाघाटच्या खोऱ्यातली गावे डोंगराआड आहेत. मुले रेंजसाठी माळावर, पाण्याच्या टाकीवर चढून बसत. पाचवी कडी विजेची. आणि सहावी कडी, जिच्याविषयी कोणी बोलत नाही, ती जागेची. तासभर कोणी हाक मारणार नाही अशी जागा. दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत ती कोठून आणावी?

महामारीच्या आधीच, २०१७-१८ साली, राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत हे चित्र नोंदले गेले होते. देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी इंटरनेटची सोय सुमारे १५ टक्क्यांकडे आणि संगणक ४.४ टक्क्यांकडे, शहरी कुटुंबांत हेच प्रमाण ४२ आणि २३.४ टक्के. म्हणजे खेडे आणि शहर यांतील अंतर शासनाच्या दप्तरात होते. ते पुढे ठेवूनही शिक्षण पडद्यावर नेले गेले, कारण त्या दिवसांत दुसरा मार्ग नव्हता, हे मी मान्य करतो. माझा आक्षेप त्या दिवसांवर नाही. त्या दिवसांत जे नाइलाजाने केले, ते पुढे सोय म्हणून पुढे केले जात आहे, ह्यावर आहे.

आता मुलांकडे वळतो.

‘वर्गात’ ह्या चौकोनावर खूण करणाऱ्या मुलींची कारणे मी प्रथम वाचली, कारण ती सर्वांत अनपेक्षित होती. एकीने लिहिले की घरी पुस्तक हातात घेतले की आई म्हणते, रिकामीच बसलीस तर पाणी तरी आण. दुसरीने लिहिले की कॉलेजच्या वाटेवरचा एसटीतला पाऊण तास हा तिचा दिवसातला एकमेव स्वतःचा वेळ. तिसरीने लिहिले की तिला वर्गातले फारसे कळत नाही, पण ग्रंथालयात खुर्ची आहे. ह्यांपैकी एकीनेही मी कसा शिकवतो ह्याबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता! थोडा वेळ माझा अहंकार दुखावला. नंतर वाटले, त्यांनी लिहिले तेच अधिक खरे आहे. महाविद्यालय ही त्यांच्यासाठी व्याख्यानाची जागा नंतर आहे. आधी ती घराबाहेर पडण्याची, कोणाची तरी सून होण्याआधी चार वर्षे कोणी तरी असण्याची जागा आहे. बीड जिल्ह्यात ह्याला केवढा अर्थ आहे हे आकडे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिकांची लग्ने अठरा वर्षे पुरी होण्याआधीच झालेली आढळली. शाळा-महाविद्यालये बंद असताना ‘आता कॉलेज बंदच आहे’ हे वाक्य आमच्याकडे लग्नाचे कारण म्हणून वापरले गेले. वर्ग उघडा आहे, रोज जावे लागते, नाव पटावर आहे, ही मुलीच्या हातातली सबब असते. मोबाइलवरच्या कॉलेजने ती सबब काढून घेतली. नवरदेवाकडच्यांनी म्हणावे, ‘शिकू द्या की, मोबाइलावर लग्नानंतर बी शिकंल!’ जुन्या वहीत असे लिहिणारी एक मुलगी आहे. त्यानंतर ती वर्गात आली नाही.

वर्ग उघडला की प्रश्न मिटला, असेही नाही. २० ऑक्टोबर २०२१ रोजी महाविद्यालये उघडली आणि त्याच महिन्याअखेर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या न्याय्य होत्या, तेही आमच्यापैकीच. परंतु ज्या मुली पासावर येत त्या थांबल्या, आणि मुले मोटारसायकलीवर तिघे-तिघे बसून आली. त्या सहा महिन्यांत माझ्या वर्गात जवळजवळ मुलगेच होते. तेव्हा ‘प्रत्यक्ष वर्ग’ म्हणजे केवळ चार भिंती आणि फळा नव्हे. त्यात एसटी आली, पास आला, वसतिगृह आले, मेस आली. तक्त्यातल्या चौकोनात हे काहीच मावत नाही.

आता दुसरी बाजू. आपण तिच्याकडे डोळेझाक केली तर तो अप्रामाणिकपणा होईल.

जुन्या वहीत एका मुलाने लिहिले आहे की ऑनलाइन तास सुरू होते त्या वर्षी तो आयुष्यात प्रथमच दुसऱ्या सत्रातही ‘हजर’ होता. त्याआधी दर वर्षी दिवाळीनंतर तो आई-वडिलांबरोबर फडावर जाई आणि एप्रिलमध्ये परीक्षेपुरता परत येई. २०२०च्या हंगामात त्याने सांगली भागातल्या एका कोपीतून तास केले. हे वाचून माझे डोळे भरून आले. वाटले, ज्याला आम्ही वर्गात कधी आणू शकलो नाही त्याला ह्या यंत्राने आणले! नंतर तो भेटला तेव्हा मी उत्सुकतेने विचारले. तो हसला. म्हणाला, ‘सर, मोबाइल सदऱ्याच्या खिशात असायचा. तुमचा आवाज बारीक यायचा. मोळी उचलताना ऐकू येत नव्हतं, पण हजेरी पडायची.’ पहाटे चारला फडात, रात्री गाडी भरायला. मधल्या वेळात माझे मराठी कादंबरीवरचे व्याख्यान त्याच्या खिशात चालले होते. त्याने पुढे जे सांगितले ते मी विसरलेलो नाही: कॉलेजात खाडा पडला तर नाव कटते, फडात खाडा पडला तर उलटे पैसे कापतात, मोबाइलमुळे दोन्हीकडचे खाडे वाचले. त्याने ‘ऑनलाइन’वर खूण केली होती. त्याची खूण मोजली गेली असेल. परंतु त्याचे म्हणणे ‘मला पडद्यावरचे शिक्षण आवडते’ असे होते काय?

तरीही त्याला त्या खिशातल्या आवाजाचा उपयोग झाला, असे तो म्हणतो. तासांचे रेकॉर्डिंग त्याने हंगामानंतर पुन्हा ऐकले. हे खरे आहे आणि ते नोंदले पाहिजे.

प्रश्न विचारण्याविषयी काहींनी लिहिले आहे, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. वर्गात उभे राहून विचारण्याची हिंमत झाली नाही. ऑनलाइन तासात बाजूच्या चौकटीत टाइप करून विचारता आले. चुकीचे बोललो तर मागच्या बाकावरून हसणारे नव्हते, आपल्या बोलीतला ‘हाय’-‘नाय’ ऐकून कोणी वळून पाहणारे नव्हते. एका मुलाने बी. ए. तिसऱ्या वर्षी आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला, तो असा. त्याने तारीखही लिहून ठेवली आहे. शाळेपासून पंधरा वर्षे ज्या वर्गात तो बसला त्या वर्गाविषयी हे काय सांगते? आपण वर्गाचे गोडवे गाताना हे विसरता कामा नये की आपल्या माणसांसाठी वर्ग कधीच निष्पाप नव्हता. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. पुढे मुंबईच्या हायस्कुलात त्यांना गणित सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून मुले ते उचलायला धावली. फळा तोच, खडू तोच. त्या फळ्यापर्यंत पोचायला आपल्याला किती पिढ्या लागल्या!

मग पडद्याने विटाळ घालवला काय? काही विद्वान तसे म्हणतात. पडद्यावर जात दिसत नाही, सगळे सारख्याच आकाराच्या चौकटीत असतात, असा त्यांचा युक्तिवाद असतो. माझ्या मुलांचा अनुभव उलटा आहे. वर्गात मी हजेरी क्रमांकाने घेतो. आडनाव घेत नाही. हा माझा जुना शिरस्ता, माझ्या एका शिक्षकांकडून घेतलेला. पडद्यावर मात्र प्रत्येकाच्या चेहऱ्याखाली संपूर्ण नाव आडनावासह तासभर लिहिलेले असते. जे सत्र-दोन सत्रे कळत नसे ते पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना कळते. काही मुलांनी त्यावर तोडगा काढला होता. कोणी फक्त पहिले नाव ठेवले, कोणी घरच्यांच्या मोबाइलवर जे होते तेच ठेवले. माझ्या एका तासाला ‘पप्पा’, ‘जय भीम’, ‘ट्रॅक्टर’ आणि ‘आण्णा मुकादम’ असे विद्यार्थी हजर होते. मी हजेरी घेताना हसलो, तेही हसले. ‘आण्णा मुकादम’ ही एक मुलगी निघाली.

आणि कॅमेरा? तो तर घरातच घेऊन जातो. वर्गात येताना मुलगा इस्त्रीचा सदरा घालून येतो. घर घरी ठेवून येतो. पडद्यावर त्याच्या पाठीमागे पत्रा दिसतो, दोरीवरचे कपडे दिसतात, चूल फुंकणारी आई दिसते. बहुतेक जण कॅमेरा बंद ठेवत, आणि काही प्राध्यापक त्याचा अर्थ बेशिस्त असा लावत. एका मुलाने लिहिले आहे की भिंतीवरची बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर दिसू नये म्हणून तो मोबाइल तिरका धरत असे. वर्गातल्या मित्रांना ठाऊक नव्हते, ठाऊक व्हायला नको होते. त्याच पानाखाली, मी पाने एकावर एक ठेवली तेव्हा योगायोगाने, दुसऱ्याचे पान आले: तो मुद्दाम तसबिरीखाली बसत असे आणि कॅमेरा सुरू ठेवत असे. दोघेही एकाच वर्गातले. पहिल्याला मी दोष देऊ शकत नाही. एम. ए.च्या पहिल्या वर्षी खोलीतल्या मित्रांना मी वडील शेतकरी आहेत असे सांगितले होते.

आता आमच्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या, पदरात काय पडले तेही सांगतो. एकाने सरळ लिहिले: ‘यूट्यूबवर तुमच्यापेक्षा चांगले शिकवतात.’ हा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. आमच्या जिल्ह्यात पोलीस भरती आणि एमपीएससी ह्यांवर एक अख्खी पिढी डोळे लावून बसली आहे आणि तालुक्याच्या गावी अभ्यासिका किराणा दुकानांसारख्या निघाल्या आहेत. त्याचे म्हणणे मला नाकारता येत नाही. वर्गात आम्ही काय करतो? पिवळ्या पडलेल्या टिपणांतून उतरवून देतो, परीक्षेला तेच विचारतो. एखादी शंका निघाली तर ‘पुढच्या तासाला पाहू’ म्हणतो. असे शिकवणे पडद्यावर गेले तर काय बिघडले? मुळात ते पडद्यावरच होते. फक्त पडद्याच्या जागी मी उभा होतो.

नागसेनवनातले महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केले. मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या सोयी अगदी तोकड्या असतानाचा तो काळ. पुढे त्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तरे देणारा भिक्खू. महाविद्यालयाला देवाचे, देणगीदाराचे वा पुढाऱ्याचे नाव देण्याची आपली रीत. येथे प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले गेले. आणि केवळ वर्ग बांधून भागणार नाही म्हणून त्या परिसरात वसतिगृहेही उभी राहिली. खेड्यातून आलेल्या मुलाला जेवण, कंदील नव्हे तर विजेचा दिवा आणि वाद घालायला शेजारी एक मित्र मिळाला नाही तर नुसत्या व्याख्यानाने काही होत नाही, हे ओळखणारी ती दृष्टी होती. ह्या त्रैमासिकाच्या पानांवर ज्या पिढीने लिहायला सुरुवात केली तिच्यातले किती तरी जण वर्गात कमी आणि वसतिगृहाच्या कट्ट्यावर अधिक घडले, असे ते स्वतःच सांगतात. कट्टा ऑनलाइन कसा करावा?

पडद्याचे समर्थक येथे मुक्त विद्यापीठाचा दाखला देतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि नोकरी करणाऱ्यांना, संसारात अडकलेल्या बायांना, मध्येच शाळा सुटलेल्यांना त्याने पदवीचे दार उघडले. माझी मोठी बहीण त्याच दाराने आत गेली. परंतु ते दूर राहणाऱ्यांसाठी म्हणूनच उभारले गेले. त्याची पुस्तके घरी वाचता येतील अशी बेतून लिहिली जातात, त्याची अभ्यासकेंद्रे असतात. ज्याला वर्ग मिळणे शक्य नाही त्याला दुसरे दार देणे वेगळे; आणि ज्याला वर्ग मिळू शकतो त्याच्या वर्गाचा दरवाजा अर्धा लावून घेणे वेगळे.

अर्धा म्हणतो ते उगाच नव्हे. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाचा एक मसुदा काढला. त्यात प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवता येईल असे सुचवले होते. ‘स्वयम्’सारख्या संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम करून श्रेयांक मिळवण्याची मर्यादाही आधी २० टक्के होती, ती त्याच वर्षी ४० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आली. कागदावर ह्यात गैर काही नाही. दिल्ली-मुंबईच्या नामांकित प्राध्यापकाचे व्याख्यान धारूरच्या मुलाला ऐकता आले तर आनंदच आहे. परंतु ज्या राज्यात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता माणसाचे केस पिकतात, त्या राज्यात ही ४० टक्के सूट कशासाठी वापरली जाईल? शहरातले श्रीमंत महाविद्यालय ती वर्गाच्या जोडीला वापरील. आमच्याकडे ती वर्गाच्या बदल्यात वापरली जाईल, अशी मला भीती वाटते. आणि त्या वेळी पुरावा म्हणून मुलांच्याच खुणा दाखवल्या जातील: पाहा, विद्यार्थ्यांनाच ऑनलाइन हवे आहे!

पदवीची किंमत हाही प्रश्न आहेच. २०२० साली अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परीक्षेवाचून पदवी नाही, असा निकाल २८ ऑगस्टला लागला आणि बहुतेक ठिकाणी बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या. पुढच्या वर्षी राज्यातली दहावीची परीक्षाच रद्द झाली. अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. त्या मुलांना गावात ‘कोरोना पास’ म्हणतात. ज्यांच्या मामा-काकांचा वशिला आहे त्यांना हा शब्द लागत नाही. ज्याच्याजवळ पदवीच्या कागदाखेरीज काहीही नाही, त्याचा तो कागदच संशयित ठरला. आरक्षणाने आलेल्याच्या गुणांकडे आधीच तिरक्या नजरेने पाहिले जाते. आता तिला आणखी एक निमित्त मिळाले. पहिल्या पिढीचा पदवीधर म्हणून हे मला फार आतून कळते.

एका मुलीचे पान मी शेवटी ठेवले आहे. तिने लिहिले आहे की तिची आजी दर वर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या दारात जाते. पूर्वी टेम्पोतून जाई, आता नातवाबरोबर जाते. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि जानेवारी १९९४ मध्ये नामविस्तार झाला. मधली साडेपंधरा वर्षे ह्या मराठवाड्यात ज्यांच्या झोपड्या जळल्या त्यांत आजीच्या माहेरची वस्ती होती. आजी निरक्षर आहे. लॉकडाउनमध्ये नात मोबाइलवर तास करीत होती तेव्हा आजीने शेजारी बसून विचारले, ‘ह्या कॉलेजाला दार कुठाय?’ नातीने हसण्यावारी नेले. तक्त्यावर तिने ‘दोन्ही’ ह्या चौकोनात खूण केली आहे. कारणात लिहिले आहे, सकाळी कापूस वेचायला जावे लागते तेव्हा ऑनलाइन बरे पडते, पण पदवी घ्यायला मी दारातून जाणार आहे.

मुलांनी ज्या गोष्टी मागितल्या आहेत त्यांपैकी एकही तक्त्यात नाही. हंगामाच्या महिन्यांत वसतिगृहाची मेस सुरू ठेवा. ग्रंथालय सहापर्यंत उघडे ठेवा. शेवटची एसटी साडेपाचची आहे ती साडेसहाची करा. फडावर जाणाऱ्यांना तासांचे ध्वनिमुद्रण पाठवा, पण त्यांची हजेरी त्यावर लावू नका. परत आल्यावर महिनाभर जादा तास घ्या. प्रश्न लिहून टाकण्यासाठी वर्गाच्या दाराशी एक पेटी ठेवा. ही शेवटची सूचना कोणाची असावी ह्याचा मला अंदाज आहे.

पेटी मी ठेवली आहे. बुटाचा खोका, वर चीर पाडलेली. ध्वनिमुद्रणेही पाठवतो, व्हॉट्सॲपवर, दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून, म्हणजे डेटा कमी लागतो. जादा तासांसाठी अर्ज केला आहे, उत्तर आलेले नाही. गेल्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा टोळीबरोबर निघण्याआधी भेटायला आला. बॅगेत त्याने ग्रंथालयातली दोन पुस्तके घेतली होती आणि ती पाच महिने ठेवू द्यावीत म्हणून माझी सही हवी होती. सही केली. जाताना दारात थांबून म्हणाला, ‘सर, रेकॉर्डिंग पाठवा, पण मधीमधी पोरांचे प्रश्न असतेत ते कापू नका. कोण काय विचारतंय ते ऐकायचं असतं.’